फोंडा–पणजी रोज, ट्रॅक अधूनमधून: एकाच लहान नेकेड मोटारसायकलीची तयारी

फोंड्याहून पणजीला रोज कामावर जाण्यासाठी मी जी मोटारसायकल वापरतो, तीच वर्षातून तीन-चारदा शर्यतीच्या ट्रॅकवर नेतो. दुसरी गाडी घेण्याइतकी ऐपत आणि ती ठेवण्याइतकी जागा माझ्याकडे नाही, आणि असती तरी बहुधा हेच केले असते. एका गाडीवर दोन्ही कामे कशी भागवावीत असे ओळखीतली तरुण मंडळी विचारतात तेव्हा त्यांच्या मनात इंजिन, सायलेन्सर आणि वेग असतो. मी मात्र ब्रेकचे तेल, टायरमधली हवा आणि गंज यांविषयी बोलू लागतो आणि त्यांचा थोडा विरस होतो. ट्रॅकसाठी म्हणून जी कामे सांगितली जातात त्यांतली बहुतेक गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत रोजच्या वापरासाठीही करावीच लागतात. रोजच्या रस्त्यावर ती चुकली तर महिनोन्‌महिने खपून जाते, ट्रॅकवर मात्र पहिल्या वीस मिनिटांत उघडे पडते.

गाडीची निवड

नेकेड म्हणजे फेअरिंग (वारा अडवणारे पुढचे आवरण) नसलेली, रुंद हँडलची, बऱ्यापैकी ताठ बसून चालवायची मोटारसायकल. आपल्याकडे या वर्गात बजाज पल्सर एनएस २०० (१९९.५ सीसी, २४.५ पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), टीव्हीएस अपाचे आरटीआर ३१० (३१२ सीसी, ३५.६ पीएस), ट्रायम्फ स्पीड ४०० (३९८ सीसी, ४० पीएस) आणि २०२३ मध्ये ३९९ सीसीचे नवे इंजिन मिळालेली केटीएम ३९० ड्यूक (४६ पीएस) अशा गाड्या येतात. यांपैकी जी आधीच दारात उभी असेल ती पुरेशी आहे. माझी २०० सीसीची आहे आणि ती मला अजून अपुरी पडलेली नाही, कारण लहान ट्रॅकवर तिचा थ्रॉटल पूर्ण उघडता येतो आणि वळणात वेग टिकवला नाही तर पुढच्या सरळ भागावर इंजिन ती चूक झाकून देत नाही. शिवाय तिचे टायर आणि ब्रेक पॅड सावकाश झिजतात, जे महिन्याच्या पगारात ट्रॅक बसवू पाहणाऱ्याला महत्त्वाचे असते. जुनी गाडी घ्यायची असेल तर किनाऱ्यालगत वापरलेली गाडी पारखून घ्यावी. टाकी चकचकीत असेल, पण फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या शॉकच्या, नळ्यांवर सीलजवळ गंजाचे बारीक ठिपके दिसत असतील तर ती गाडी सोडून द्यावी. ते ठिपके सील कापतात आणि तेल थेट पुढच्या ब्रेकच्या चकतीवर उतरते.

ब्रेक

माझ्या दुसऱ्या ट्रॅक डेला, म्हणजे आयोजक ट्रॅक हौशी चालकांना खुला करतात त्या दिवशी, तिसऱ्या फेरीत पुढचा ब्रेक लिव्हर दाबला आणि तो जवळजवळ हँडलच्या मुठीला टेकला. गाडी थांबली, पण ट्रॅकच्या बाहेरच्या मातीत. दोष सर्वस्वी माझा होता. ब्रेकचे तेल तीन पावसाळे बदलले नव्हते आणि फोंडा–पणजी मार्गावर ते कधी जाणवलेही नव्हते.

त्यामागचे कारण नीट समजून घेणे उपयोगाचे आहे. गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात ते ग्लायकॉलवर आधारलेले द्रव असते आणि ते हवेतील बाष्प शोषून घेते. बहुतेक गाड्यांना लागणाऱ्या डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. आता उष्णतेचा हिशेब पाहू. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी ५० किलोमीटरवरून पूर्ण थांबताना जितकी उष्णता निर्माण होते त्याच्या तिप्पट उष्णता ताशी १०० वरून ५० वर येताना निर्माण होते. बाणस्तारीच्या पुलाआधी आपण एकदा ब्रेक लावतो आणि मग चकतीला थंड व्हायला दोन-तीन किलोमीटर मिळतात. ट्रॅकवर तसाच, किंबहुना तिप्पट जोराचा ब्रेक एका फेरीत पाच-सहा वेळा लागतो आणि तो सलग पंधरा-वीस मिनिटे चालतो. कॅलिपरमधले, म्हणजे चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागातले, पाणी मुरलेले तेल उकळते, त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हरचा सगळा प्रवास ती वाफ दाबण्यातच खर्च होतो.

म्हणून गोव्यात ब्रेकचे तेल वर्षातून एकदा बदलावे, मग गाडीच्या पुस्तिकेत दोन वर्षे लिहिलेली असली तरी. मी हे काम चतुर्थी आटोपल्यानंतर आणि दसऱ्याआधी करतो. पाऊस ओसरलेला असतो, ट्रॅकचा हंगाम समोर असतो, आणि दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालताना मनाला खात्री असते की पूजा अगदीच कोरडी नाही. डबा नवा आणि सीलबंदच घ्यावा. फडताळात उघडा राहिलेला अर्धा डबा आपल्या हवेत चार-सहा महिन्यांत निकामी झाला असे समजावे. पुस्तिकेत डॉट ४ सांगितले असेल तर डॉट ५.१ वापरता येते, त्याचा उत्कलनबिंदू आणखी वर, नवे असताना किमान २६० अंश, असतो. डॉट ५ मात्र चालत नाही, कारण ते सिलिकॉनचे असते आणि डॉट ४ मध्ये मिसळत नाही. नावातल्या एका दशांश चिन्हाने घात होतो, तेव्हा डब्यावरचा आकडा दोनदा वाचावा.

काम स्वतः करणार असाल तर टाकीवर जाड ओले फडके पसरावे, कारण हे तेल रंग उतरवते. वरच्या भांड्यातील जुने काळपट तेल काढून नवे भरावे, कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तेल बाहेर काढायच्या तोटीला, पारदर्शक नळी लावावी, लिव्हर दाबून धरावा, निपल उघडून लगेच बंद करावे आणि मगच लिव्हर सोडावा. हा क्रम चुकला की हवा आत ओढली जाते. भांडे कधीही रिकामे होऊ देऊ नये. नळीतून स्वच्छ आणि बुडबुडे नसलेले तेल येईपर्यंत थांबावे, आणि शेवटी लिव्हर रबर बँडने दाबून रात्रभर ठेवावा. सकाळी तो अधिक घट्ट लागतो हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

पॅडच्या बाबतीत लोभ आवरावा. केवळ रेससाठी बनवलेले पॅड गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि सकाळी सात वाजता फर्मागुडीच्या उतारावर समोर गाय आली तर तिला पॅड गरम होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. रस्त्यासाठीचे सिंटर्ड, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून बनवलेले, पॅड दोन्हीकडे चालतात. ट्रॅकला निघताना त्यांची जाडी निम्म्याहून अधिक शिल्लक असावी. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर आरसा पाहून ताशी ६० वरून २० पर्यंत असे आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावेत, पण पूर्ण थांबू नये. कॅलिपरच्या सरकत्या पिना खाऱ्या हवेत अडकतात आणि मग एकच पॅड झिजत राहतो, म्हणून तेल बदलतानाच त्या काढून साफ कराव्यात आणि सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवाव्यात.

टायर आणि हवा

ट्रॅकसाठी वेगळे टायर आणि रस्त्यासाठी वेगळे अशी चैन नवशिक्याला गरजेची नाही. स्पोर्ट-टूरिंग प्रकारचे रेडियल टायर दोन्ही कामे करतात. ते लवकर गरम होतात, ओल्या रस्त्यावर पाणी बाजूला सारतात, आणि जूनमध्ये जुने गोवे ते रायबंदर या पट्ट्यात पाऊस अचानक कोसळतो तेव्हा त्यांचे हे दुसरे काम पहिल्यापेक्षा मोलाचे ठरते. गुळगुळीत, जवळजवळ खाचा नसलेले टायर घालून कोणी पावसाळ्यात ऑफिसला जात असेल तर त्याला समजवायला मी जात नाही. पहिला पाऊस ते काम करतो. विकत घेताना टायरच्या बाजूवरील चार आकडी संख्या पाहावी. २३२४ म्हणजे २०२४ सालातील २३ वा आठवडा. दुकानात तीन वर्षे पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये.

हवेचा दाब हा ट्रॅकच्या तयारीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग आहे, तरी बहुतेक लोक तो पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर सोपवून मोकळे होतात. स्वतःचा एक गेज विकत घ्यावा आणि तोच कायम वापरावा, कारण दोन गेज एकच आकडा सांगतील याची हमी नसते. ट्रॅकवर टायर तापला की आतील दाब साधारण चार ते सहा पीएसआयने (गेजवरचे दाबाचे एकक) वाढतो. म्हणून पुस्तिकेतील थंड टायरच्या आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून सुरुवात करावी आणि पहिल्या सत्रातून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येताच, हेल्मेट काढण्याआधीच, दाब मोजून लिहून ठेवावा. वाढ सहा पीएसआयपेक्षा बरीच जास्त असेल तर सुरुवातीचा दाब फारच कमी होता आणि टायर अतिरेकी वाकून तापत होता, असे समजावे. वाढ अगदी किरकोळ असेल तर तो पुरेसा तापलाच नाही. परतीच्या प्रवासाआधी दाब पुन्हा पुस्तिकेतील आकड्यावर आणायचाच आहे. कमी हवेच्या टायरने खड्ड्यात आदळले की रिम वाकते, आणि पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते कोणाला वेगळे सांगायला नकोत.

मीठ, तांबडी माती आणि चेन

चेनची निगा दर ५०० किलोमीटरांनी घ्यावी असे सर्वत्र सांगितले जाते. पावसाळ्यात आपल्याकडे हे अंतर निम्मे करावे. रॉकेल आणि मऊ ब्रशने चेन धुवावी. पेट्रोल वापरू नये, त्याने चेनमधील रबराच्या ओ-रिंग कडक होतात. नंतर चेन स्प्रे किंवा ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने हलकेच लावावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. हे काम संध्याकाळी परतल्यावर, चेन कोमट असताना करावे, म्हणजे तेल रात्रभरात आत मुरते. ढिलेपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवावा आणि मोजताना मागचे चाक फिरवून तीन-चार जागी पाहावे, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते.

ट्रॅकसाठी पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, एका दाताने लहान करण्याची पद्धत आहे. पुढे एक दात कमी करणे म्हणजे सामान्यतः मागे तीन दात वाढवण्यासारखे असते. वळणातून बाहेर पडताना त्याचा फायदा मिळतो, पण कदंब पठारावरील मोकळ्या रस्त्यावर इंजिन उगाच किंचाळत राहते. मी तो बदल एक हंगाम करून पाहिला आणि परत मूळ दातांवर आलो.

डिचोली–साखळीकडील मंडळींना खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरील तांबड्या धुळीचा अनुभव आहे. ती धूळ पावसात चिखल होऊन रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. रोजच्या वापरात पंखा थोडा जास्त फिरतो, एवढेच दिसते. ट्रॅकवर तापमानाचा दिवा लागतो. कमी दाबाच्या पाण्याने, शक्य असल्यास इंजिनच्या बाजूने पुढच्या बाजूकडे धुवावे. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा पापुद्रे वाकवतो आणि चाकांच्या व हँडलच्या बेअरिंगमध्ये पाणी घालतो. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीतून रोज जाणाऱ्यांनी, आणि मिरामार किंवा कळंगुटला संध्याकाळी गाडी उभी करणाऱ्यांनीही, आठवड्यातून एकदा गाडी साध्या पाण्याने धुवावी. विजेच्या जोडण्यांवर डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहू देणारे, ग्रीस लावावे.

ट्रॅकवर रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधे डिस्टिल्ड पाणी भरायला आयोजक सांगू शकतात, कारण कूलंटमधला ग्लायकॉल सांडला तर डांबरावर तेलासारखा निसरडा असतो. गोव्यात पाणी गोठण्याचा प्रश्न नाही, म्हणून ते पाणी तसेच ठेवण्याचा मोह होतो. ते परत काढून कूलंट भरावा, कारण त्यात गंजरोधक द्रव्ये असतात.

सस्पेन्शन: थोडेच, पण मोजून

बहुतेक लहान नेकेड गाड्यांवर फक्त मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, बदलता येतो. नव्या ३९० ड्यूकसारख्या काही गाड्यांवर पुढे-मागे रिबाउंडचेही, म्हणजे दबलेले सस्पेन्शन परत उसळण्याच्या वेगाचेही, क्लिक असतात. कोणत्याही परिस्थितीत पहिले काम सॅग, म्हणजे चालकासह गाडी किती दबते ते, मोजण्याचे. मागचे चाक हवेत असताना ॲक्सलपासून शेपटीवरील एका ठरावीक खुणेपर्यंत उभे अंतर मोजावे. मग राइडिंगचे पूर्ण कपडे घालून गाडीवर नेहमीप्रमाणे बसावे, दोघांनी गाडी धरावी आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्हींतील फरक ३० ते ४० मिलिमीटरांच्या दरम्यान असावा. ट्रॅकसाठी ३० कडे, रोजच्या वापरासाठी ४० कडे. आपल्याकडे कारखान्यातून येणारा प्रीलोड कित्येकदा दोन माणसे आणि बाजाराची पिशवी गृहीत धरून बसवलेला असतो, त्यामुळे एकट्या हलक्या चालकाला गाडी टणक आणि उसळती वाटते. ट्रॅकवर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलून गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

वारा, हँडल आणि शरीर

फेअरिंग नसल्यामुळे ताशी शंभरच्या पुढे वारा छातीवर बसतो आणि माणूस नकळत हँडलला लोंबकळू लागतो. नेकेड गाडीवर ट्रॅकवर होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ येथे आहे. हँडल रुंद असल्यामुळे हाताचा थोडासा ताणही चाकापर्यंत पोहोचतो, गाडी डुलते, आणि चालकाला वाटते की सस्पेन्शन बिघडले. उपाय पायांत आहे. मांड्यांनी टाकी घट्ट पकडावी, पोटाचे स्नायू ताठ ठेवावेत, कोपर सैल सोडावेत आणि सरळ भागावर हनुवटी टाकीकडे न्यावी. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी ग्रिप पॅड चिकटवले तर रोजच्या वापरातही कंबरेला आराम पडतो, कारण ब्रेक लावताना शरीराचे वजन मनगटांवर येत नाही.

याचा सराव फोंडा–पणजी मार्गावर ताशी पन्नासने करता येतो. लाल दिव्यापर्यंत येताना लिव्हर एकदम न ओढता आधी हलका आणि मग वाढत्या दाबाने ओढावा, हात सैल आहेत का ते पाहावे, आणि नजर समोरच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर न खिळवता पुढच्या वळणापर्यंत न्यावी. म्हार्दोळ आणि मंगेशीच्या परिसरात बस केव्हा थांबेल आणि भाविकांची गाडी केव्हा वळेल याचा नेम नसतो. लांबवर पाहण्याची सवय लावायला याहून चांगली जागा नाही. वळणाची आतली कड कापणे आणि उशिरा ब्रेक लावणे या ट्रॅकच्या सवयी मात्र रस्त्यावर आणू नयेत, कारण रस्त्यावर आतल्या कडेला शेवाळ, वाळू किंवा समोरून येणारा टिप्पर असतो.

आणीबाणीच्या ब्रेकचा सराव एखाद्या मोकळ्या खाजगी पटांगणात परवानगी घेऊन करावा. ताशी ४० वरून एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) कुडकुडेपर्यंत, वीसेक वेळा. ट्रॅकवर पहिले काही दिवस एबीएस चालूच ठेवावे, मग गाडीत ते बंद करण्याची सोय असली तरीही. चोर्ला घाटात किंवा अनमोडला जाऊन ट्रॅकची तालीम करण्याची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाकावी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगचाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि घाटात दंडाहून मोठे धोके दरीच्या बाजूला असतात.

अंगावरचे कपडे आणि आपली बुरशी

ट्रॅकवर चामड्याचा सूट लागतो. दोन तुकड्यांचा असेल तर कंबरेभोवती पूर्ण झिपने जोडला जाणारा असावा. पाठीला स्वतंत्र संरक्षक, मनगट झाकणारे लांब हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आणि दुहेरी डी-रिंगने बांधले जाणारे पूर्ण हेल्मेट लागते. नवशिक्यांना आयोजक कित्येकदा सूट भाड्याने देतात. सुरुवातीला तेच करावे. रोजच्या वापरासाठी गार्ड असलेले जाळीचे जॅकेट पुरते, उन्हाळ्यात ते घामाचे पाणी उडू देते.

सूट विकत घेतलात तर त्याचा खरा शत्रू डांबर नव्हे, जुलै महिना आहे. बंद कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पंधरा दिवसांत हिरवट-पांढरी बुरशी येते. सूट रुंद हँगरला मोकळा लटकवावा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आठवड्यातून एकदा पंख्याखाली काढावा आणि पावसाळ्यात दोनदा लेदर कंडिशनर लावावा. आईने एकदा माझा सूट गोधड्यांबरोबर ट्रंकेत घालून ठेवला होता. तो पुन्हा घालण्याजोगा करायला मला पूर्ण दिवाळी लागली.

ट्रॅकपर्यंत पोहोचणे

गोव्यात मोटारसायकलींसाठी कायमचे सर्किट नाही. आपल्याला सर्वांत जवळ कोल्हापूरचा मोहिते रेसिंग अकादमीचा छोटा ट्रॅक पडतो. फोंड्याहून बेळगावमार्गे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे आणि लहान गाड्यांसाठी उत्तम, पण अंतर सातशे किलोमीटरांहून अधिक. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरचा आहे आणि त्यासाठी आणखी दूर जावे लागते. इतक्या लांब जायचे असेल तर पहिल्या खेपेला स्वतःची गाडी नेऊच नये, शाळेची गाडी भाड्याने घ्यावी. दक्षिणेत रेसिंगच्या शाळा आहेत आणि त्यांत गाडी, सूट, शिकवणी एकत्र मिळते. नेलीच तर मडगाव स्थानकातून रेल्वेच्या पार्सलने पाठवता येते. टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते आणि आरसीची प्रत लागते.

कोल्हापूरला गाडी चालवत जाता येते. आदल्या दिवशी दुपारी निघावे, संध्याकाळी पोहोचून जेवावे आणि झोपावे. पहाटे तीनला निघून सकाळी ट्रॅकवर उतरलेला माणूस दुपारच्या सत्रात झोपेत वळणे घेतो, हे मी पाहिले आहे. आरसे, हेडलाइट झाकायची टेप, पाना-सेट, गेज, चेनचे तेल आणि ब्रेक तेलाचा सीलबंद डबा एवढे सामान मागे बांधता येते. आरसे ट्रॅकवर पोहोचल्यावरच काढावेत. रस्त्यावर ते असणे बंधनकारक आहे. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट एकदाच बसणाऱ्या लॉकने जोडलेली असते, ती उचकटू नये, तिच्यावर टेप लावावी.

विम्याचा मुद्दा कोणी आवर्जून सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो आणि त्यात संघटित शर्यत, वेगचाचणी आणि विश्वसनीयता चाचणी वगळलेल्या असतात. ट्रॅकवर गाडी पडली तर दुरुस्तीचा खर्च आपलाच, असे धरूनच जावे. स्वतःच्या वैयक्तिक अपघात आणि आरोग्य विम्यात अशा खेळांविषयी काय लिहिले आहे तेही घरी बसून वाचावे.

तो दिवस

सकाळी आयोजकांची माहिती-बैठक होते. ती चुकवणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, कोणालाही मागे टाकायचे नाही. लाल म्हणजे सत्र थांबले, हळूहळू पिटमध्ये परतायचे. पिवळ्यावर लाल उभे पट्टे म्हणजे डांबर निसरडे आहे. काळा झेंडा आपल्याकडे दाखवला तर आत या, आणि चौकटींचा म्हणजे सत्र संपले. पिटमध्ये वळण्याआधी हात किंवा पाय बाहेर काढून मागच्याला सूचना द्यावी.

पहिल्या सत्रात वेग विसरावा. टायर थंड असतात आणि आपणही. दोन-तीन फेऱ्या एकाच गिअरमध्ये फिरून प्रत्येक वळणासाठी तीन खुणा ठरवाव्यात: ब्रेक कुठे, वळायला सुरुवात कुठे, थ्रॉटल कुठे. दुसऱ्या सत्रात त्या खुणांवरच राहावे आणि ब्रेकची खूण पुढे ढकलण्याऐवजी ब्रेक सोडण्याची पद्धत सुधारावी, म्हणजे गाडी झुकत जाते तसा लिव्हरवरचा दाब हळूहळू कमी करत न्यावा. फूटपेगची, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांची, टोके डांबराला घासली तर घाबरू नये आणि हुरळूनही जाऊ नये. शरीर वळणाच्या आत झुकवले की तोच वेग कमी झुकावात मिळतो. ती लोखंडी टोके काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. पहिल्या वर्षी ऐकू नये, ती आपली मोजपट्टी आहे. प्रत्येक सत्रानंतर इंजिन ऑइलची पातळी पाहावी, कारण लहान इंजिन दिवसभर उंच आरपीएमवर चालते. पाणी भरपूर प्यावे. शेवटच्या सत्रात दमलो असे वाटले तर ते सोडावे. पैसे गेल्याचे दुःख फार टिकत नाही.

सोमवार

परतण्याआधी ट्रॅकवरच आरसे लावावेत, टेप काढावी, हवा पुस्तिकेच्या आकड्यावर आणावी, दोन्ही ॲक्सलचे आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत आणि चेनचा ढिलेपणा मोजावा. पॅड निम्म्याखाली आले असतील तर घाट उतरण्याआधीच बदलावेत. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना रस्ता फार संथ वाटतो आणि ताशी साठ म्हणजे चालणे वाटते, म्हणून त्या दिवशी मी मुद्दाम दहा मिनिटे लवकर निघतो आणि रायबंदरच्या बांधावरून पाण्याकडे बघत जातो. म्हापशाकडून येणाऱ्यांना हा पर्याय नाही. मांडवीवरील अटल सेतूवर दुचाकींना मनाई असल्याने त्यांना जुन्या मांडवी पुलावरील गर्दीच आपोआप आवरते.

माझ्याकडे यासाठी एक साधी शाळेची वही आहे. एका पानावर थंड आणि गरम टायरचे आकडे, दुसऱ्यावर सॅग आणि प्रीलोड, तिसऱ्यावर पॅडची जाडी तारखेसह, आणि मुखपृष्ठाच्या आत पेन्सिलीने लिहिलेले, ब्रेकचे तेल कोणत्या दसऱ्याला बदलले ते साल.